कुरुशचा दंडगोल की १९०६ची राज्यघटना?

इराणमधल्या हक्कांचा विषय निघाला की लोक थेट प्राचीन इराणचा राजा कुरुश (सायरस) याच्या कोरीव लेखाच्या मातीच्या दंडगोलावर जातात, जगातली पहिली मानवी हक्कांची सनद वगैरे. पण मजकूर वाचा ना जरा. इ.स.पू. ५३९मध्ये बॅबिलॉन जिंकल्यावर राजा सांगतोय की मर्दुक देवाने मला निवडलं, मी मूर्ती परत देवळात पोचवल्या, लोकांना आपापल्या गावी पाठवलं. चांगलंच आहे, पण ही राजाची मेहेरबानी झाली, हक्क नाही, आणि सनदेचा गाजावाजा इराणच्या शेवटच्या शहाने, म्हणजे राजाने, राजेशाहीच्या २५०० वर्षांच्या १९७१च्या सोहळ्यात केला!

मला विचाराल तर १९०६ची राज्यघटना जास्त महत्त्वाची. साखरेचे भाव वाढले म्हणून तेहरानच्या व्यापाऱ्यांना तळपायावर फटके मारले, त्यातून लोक भडकले, १९०६च्या उन्हाळ्यात हजारो माणसं ब्रिटिश वकिलातीच्या बागेत ठाण मांडून बसली, आधी मागणी फक्त न्यायालयाची होती, बघता बघता संसदेवर गेली आणि तेव्हाच्या मुजफ्फरुद्दीन शहाला मान्य करावं लागलं. राज्यघटनेच्या १९०७च्या पुरवणीत कायद्यापुढे सगळे समान असं लिहिलंय, पण त्यातच कायदे तपासायला धर्मगुरूंची समितीपण, आणि बायकांना मत थेट १९६३मध्ये. म्हणजे अर्धंमुर्धंच, तरी मागून घेतलेलं.