ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, उड्डाणाचे तास मात्र आपणच काढायचे

दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर काढायला ग्रेट सर्कल मॅपरइतकं नेमकं संकेतस्थळ क्वचितच सापडेल. पान जुन्या वळणाचं दिसतं, पण काम झटपट करतं. चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड रोमन लिपीत टाकायचे, मध्ये आडवी रेघ द्यायची. मुंबईसाठी बीओएम, न्यूयॉर्कसाठी जेएफके. उत्तर येतं साडेबारा हजार किलोमीटरच्या किंचित वर. एकक आधी बघून घ्या. साधा मैल 1.609 किलोमीटरचा, सागरी मैल 1.852 चा; दोन्हींची गल्लत झाली तर हिशेब पंधरा टक्क्यांनी चुकतो.

नकाशावरची रेघ बघण्यासारखी आहे. मुंबईहून ती पश्चिमेला न जाता वायव्येकडे चढते: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, पुढे आइसलँड. गोल पृथ्वीवर जवळची वाट हीच. विमान मात्र या रेघेवरून जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यानंतर त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. असा वळसा संकेतस्थळाच्या आकड्यात धरलेला नसतो.

खरी फसगत होते ती वेळेत. अंतर टाकलं की तास सांगणारी काही संकेतस्थळं ताशी 500 मैल वेग धरतात आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. या मार्गावर त्यातून सुमारे सोळा तास निघतात, दोन्ही दिशांना तेवढेच. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोराने. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाताना सोळा तासांचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, येताना मात्र तोच अंदाज खऱ्या वेळेपेक्षा तास-दीड तास जादा ठरतो. एकाच मार्गाचे जाण्याचे आणि येण्याचे तास सारखेच दाखवले असतील, तर वाऱ्याचा विचार झालेला नाही असं समजा.

मॅपरचा सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे टप्प्यांची तुलना. मधे लंडनचा एलएचआर घातला तर अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे चारशेच्या आसपास. म्हणजे हवेत फार तर अर्धा तास जास्त. बाकी सगळा वेळ पुन्हा उतरणं, सुरक्षा तपासणी आणि पुढच्या विमानाची वाट पाहणं यात जातो. तिकीट निवडताना अंतरापेक्षा मधला थांबा किती तासांचा आहे ते बघा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे साडेदहा तास; मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जाताना पोहोचण्याच्या वेळेत हा फरक मिळवा आणि त्यातून निघण्याची वेळ वजा करा, म्हणजे प्रवासाचे खरे तास हाती येतील.