अमेरिकेतील वाळवंटी सफर आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास

नैर्ऋत्य अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना या राज्यांतून गाडीने फिरायचे ठरले की दर मुक्कामाला एखाद्या उद्यानाचे प्रवेशद्वार आडवे येते आणि तेथे शुल्क भरावे लागते. केंद्र सरकारच्या उद्यानांत चालणारा ‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा वार्षिक पास त्यासाठीच आहे. लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स पाहत ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यापर्यंत आम्ही तो वापरला. पास घ्यावा, असेच माझे मत आहे. मात्र या मार्गावरची छायाचित्रांतून सर्वाधिक परिचित झालेली ठिकाणे त्याच्या कक्षेबाहेर आहेत, हे घेण्यापूर्वी माहीत असावे.

हिशेब सोपा आहे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन येथे खासगी गाडीमागे ३५ डॉलर, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स येथे ३० डॉलर पडतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळणारा पास त्यामुळे तिसऱ्या उद्यानातच वसूल होतो. भारतातून येणाऱ्यांसाठी २०२६ पासून गणित बदलले असून त्यांचा पास २५० डॉलरचा झाला आहे. परंतु पास नसेल तर ११ ठरावीक उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात आणि त्या ११ मध्ये झायन, ब्राइस व ग्रँड कॅन्यन ही तिन्ही आहेत. म्हणजे एकट्या प्रवाशालाही महाग पासच स्वस्त पडतो.

तरीही पैशांची बचत हा या पासचा मला जाणवलेला सर्वांत मोठा गुण नव्हे. एका उद्यानाचे साधे तिकीटही सात दिवस चालते, त्यामुळे ब्राइसला संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे जाण्यासाठी पासची गरज नसते. पास उपयोगी पडतो तो ज्या लहान जागांसाठी वेगळे पैसे मोजून कोणी वाट वाकडी करणार नाही, तेथे. आमच्या प्रवासात अशी जागा म्हणजे नॅचरल ब्रिजेस. १९०८ साली घोषित झालेले हे युटातील पहिले राष्ट्रीय स्मारक, म्हणजे केंद्र सरकारने राखलेला निसर्गप्रदेश. सिपापू, काचिना आणि ओवाचोमो हे तीन दगडी पूल येथे १४ किलोमीटरच्या एकेरी डांबरी रस्त्यावरून दिसतात आणि प्रत्येकापर्यंत पायवाटेने उतरताही येते. आर्चेसमधील कमानी पाऊस, बर्फ आणि झिजणारा वालुकाश्म यांनी घडवल्या, तर हे पूल नागमोडी ओढ्यांनी वळणावरचा खडक आरपार कोरून केले. आर्चेस पाहून येथे आल्यास तो फरक पुस्तकाशिवाय समजतो. २००७ मध्ये जगातील पहिले आंतरराष्ट्रीय गडद-आकाश उद्यान (कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारी जागा) म्हणून मान मिळालेली ही जागा रात्री थांबण्याजोगी आहे. आर्चेसच्या वाहनतळावरील गर्दीनंतर येथील शांतता मला ग्रँड कॅन्यनपेक्षाही अधिक भावली (सहप्रवाशांना हे मत मुळीच मान्य नाही).

आता मर्यादा. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन ही नावाहो राष्ट्राची, म्हणजे नावाहो या मूलनिवासी समाजाच्या स्वशासित प्रदेशाची, उद्याने आहेत. तेथे हा पास चालत नाही आणि चालावा अशी अपेक्षाही रास्त नाही. मॉन्युमेंट व्हॅलीत माणशी शुल्क देऊन २७ किलोमीटरचा कच्चा फेरा स्वतःच्या गाडीने करता येतो. अँटिलोपच्या अरुंद घळीत मात्र नावाहो मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. तो खर्च मोठा वाटला तरी, दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा १९९७ मध्ये त्या घळीत शिरून ११ जणांचा बळी गेला होता, हे लक्षात घेता तक्रार करवत नाही. हॉर्सशू बेंड या कोलोरॅडो नदीच्या नालाकार वळणापाशी वाहनतळाचे पैसे पेज शहराची नगरपालिका घेते, तर कॅन्यनलँड्सला लागून असलेले डेड हॉर्स पॉइंट हे राज्य उद्यान असल्याने तेथेही स्वतंत्र शुल्क आहे.

शिवाय पास म्हणजे आरक्षण नव्हे. झायनमधील एंजल्स लँडिंग या उंच कड्यावरील साखळदंडांच्या वाटेसाठी २०२२ पासून सोडतीने परवाना मिळतो, तंबूच्या जागेचे पैसे वेगळे असतात आणि हंगामात झायनच्या मुख्य दरीत खासगी गाडी नेताच येत नाही. तेथील शटल बस मात्र सर्वांनाच मोफत आहे.

पासबरोबर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, तेव्हा पास ज्याच्या नावावर आहे तो गाडीत असलाच पाहिजे. मुदत खरेदीच्या तारखेवर नव्हे, तर महिन्यावर ठरते आणि पुढील वर्षी त्याच महिन्याच्या अखेरीस संपते. सफर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू केल्यास जवळजवळ १३ महिने हाती पडतात आणि पुढच्या वर्षीची एखादी सहलही त्याच पासात बसते.