दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हिससाठी फेच : काही महिने वापरल्यानंतर

फेच म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरकडे माहिती मागायची जावास्क्रिप्टची सोय. वापर असा : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्याचं ऑर्डर पोर्टल. ट्रान्सपोर्टचे दर आणि पार्सल कुठे पोचलं ही माहिती दुसऱ्या डोमेनवरून येते. पूर्वी जेसॉनपी होतं, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरची माहिती स्क्रिप्ट टॅगमधून ओढायची जुनी युक्ती. त्यात स्क्रिप्ट टॅगचा ऑनएरर (काहीतरी चुकलं एवढी सूचना) तेवढा मिळतो, ४०४ (पत्ता सापडला नाही) की ५०० (सर्व्हरची चूक) ते कळत नाही. त्यामानाने फेच फारच उजवा.

पण फेच ४०४ किंवा ५०० ला चूक मानत नाही. रिस्पॉन्स.ओके तपासून एरर आपणच थ्रो करायची. कॅचमध्ये येणारा टाइपएरर वेगळा : नेट गेलं, डोमेन सापडलं नाही, कॉर्सने (दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचायला त्या सर्व्हरची परवानगी हवी, हा ब्राउझरचा नियम) अडवलं, सगळ्याला तोच. क्रोम 'फेल्ड टू फेच' म्हणतो, सफारी 'लोड फेल्ड', त्यामुळे मेसेजच्या मजकुरावर इफ लावू नका. खरं कारण ब्राउझर सुरक्षेसाठी कोडपासून लपवतो, ते कन्सोलमध्येच दिसतं.

आणि कन्सोलवरही लगेच विसंबू नये. एंजिनएक्स या वेब सर्व्हरमधली, उत्तराला हेडर जोडणारी ॲड_हेडर ओळ २००, २०४, ३०४ अशा ठरावीक स्टेटसनाच लागू होते. मागचा सर्व्हर पडून ५०२ निघाला की कॉर्सच्या परवानगीचा हेडर गळतो आणि लाल अक्षरांत कॉर्सचं नाव येतं. लोक तासन्‌तास जावास्क्रिप्ट उकरत बसतात. ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' जोडा. मग कोडला ५०२ दिसतो आणि ऑर्डर घेणाऱ्याला नेमका मेसेज दाखवता येतो. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं कराच.

दुसरी नेहमीची अडचण प्रीफ्लाइटची, म्हणजे खऱ्या विनंतीआधी ब्राउझर सर्व्हरला परवानगी विचारतो त्याची. लॉगिनचं टोकन नेणारा ऑथरायझेशन हेडर असला की आधी ऑप्शन्स विनंती जाते, टोकनशिवाय. सर्व्हरने तिला ४०१ (लॉगिन नाही) दिला की खरी विनंती निघतच नाही. ऑप्शन्सला लॉगिन तपासणीतून वगळून २०४ द्या. मॅक्स-एज (ही परवानगी किती सेकंद लक्षात ठेवायची) ७२०० पुरे, क्रोम त्याहून जास्त मानत नाही.

फेचचा 'नो-कॉर्स' मोड हा उपाय नव्हे : कोडला स्टेटस ० आणि मजकूर रिकामा दिसतो.

फेचला स्वतःची मुदत देता येत नाही, म्हणून त्याच्या सिग्नल या पर्यायात ॲबॉर्टसिग्नल.टाइमआउट(८०००) द्या, आठ सेकंदांनी टाइमआउटएरर येतो. दराची गेट (फक्त माहिती मागणारी) विनंती खुशाल पुन्हा पाठवा. ऑर्डरची पोस्ट (नोंद करणारी) विनंती मात्र आपोआप पाठवू नका : उत्तर आलं नाही तरी सर्व्हरवर नोंद झालेली असू शकते आणि माल दुबार सुटतो. प्रत्येक ऑर्डरला ब्राउझरमध्येच युनिक आयडी द्या, सर्व्हरने तोच आयडी दुसऱ्यांदा आल्यास जुनी नोंद परत करावी.