एकच यादी की देशवार याद्या? परदेशी साडी पाठवणाऱ्यांसाठी ई-मेल जाहिरातीचा हिशेब

इंदूरहून माहेश्वरी साड्या देशोदेशी पाठवणाऱ्या मराठी घरांपुढे दिवाळीच्या ई-मेलआधी दोन वाटा असतात. एक, सगळ्या ग्राहकांची एकच यादी ठेवायची आणि सगळ्यांना सर्वांत कडक नियम लावायचा. दुसरी, भारत, अमेरिका, युरोप अशा याद्या वेगळ्या करून ज्या देशाचा जो नियम तेवढाच पाळायचा. माझं मत एकाच यादीकडे झुकतं. पण देशवार यादीचा फायदाही खरा आहे, म्हणून आधी तो पाहू.

तो फायदा आहे अमेरिकेपुरता. तिथला २००४ पासून लागू असलेला कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागायला लावत नाही. विषयाची ओळ फसवी नको, ई-मेलमध्ये तुमचा खरा टपालाचा पत्ता हवा, नाव काढून घेण्याची सोय हवी आणि कुणी तसं सांगितलं की कामकाजाच्या दहा दिवसांत नाव काढायचं. चुकलात तर दंड एकेका ई-मेलमागे ५३,०८८ डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पण नियम पाळले तर न्यू जर्सीतल्या जुन्या गिऱ्हाइकाला सरळ लिहिता येतं. एकच कडक यादी केली तर त्या गिऱ्हाइकाकडूनही होकार मागावा लागेल, आणि असा होकार मागितला की बरेचजण उत्तरच देत नाहीत.

युरोपात उलट आहे. जीडीपीआर हा तिथला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. तुम्ही युरोमध्ये किंमत लावत असाल, जर्मनीत पार्सल पोचवण्याची जाहिरात करत असाल, तर दुकान इंदूरच्या राजवाड्याजवळ असलं तरी तो तुम्हाला लागतो. जाहिरातीच्या ई-मेलला आधी होकार हवा, आणि आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे होकार नव्हे, हे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. ज्याने तुमच्याकडून खरेदी केली आहे त्याला तशाच मालाबद्दल लिहिण्याची मुभा आहे, मात्र पत्ता घेतानाच आणि पुढे दर ई-मेलमध्ये नकाराची सोय द्यावी लागते. कॅनडात गृहीत होकार, म्हणजे ग्राहकाने स्पष्ट न देताही धरला जाणारा होकार, खरेदीनंतर दोन वर्षं आणि नुसत्या चौकशीनंतर सहा महिने चालतो. म्हणजे देशवार यादी करायची तर प्रत्येक नावापुढे तारीख हवी, आणि ती रोज सांभाळणारं माणूसही हवं.

शिवाय जीमेलचा पत्ता देश सांगत नाही. इंदूरच्या सुदामानगरातली मुलगी म्युनिकला गेली तरी तिचा ई-मेल तोच राहतो, आणि युरोपचा कायदा ती आज कुठे आहे हे पाहतो.

आता भारत, आणि माझ्या लेखी निर्णय इथेच होतो. आपल्याकडे ई-मेलला काही कायदा नाही, असं अजून सर्रास ऐकू येतं. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होण्याची तरतूद आहे. त्यात युरोपसारखी ‘आमचा रास्त व्यावसायिक हेतू’ सांगून होकाराशिवाय माहिती वापरण्याची पळवाट नाही. कायद्यातलंच उदाहरण औषधाच्या दुकानाचं आहे: ग्राहकाने पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर तो पावतीसाठी वापरायचा. बिलासाठी घेतलेल्या ई-मेलवर दिवाळीची सवलत पाठवणं त्यात बसत नाही. प्रदर्शनातल्या अभिप्राय-वहीतल्या पत्त्यांचंही तेच.

आणि हा कायदा ग्राहक कुठे राहतो हे विचारत नाही, माहितीवरचं काम भारतात होतं का, हे पाहतो. परदेशी कंपनीच्या करारावर इथे बसून केलेल्या कामाला मोठी सूट आहे, स्वतःच्या दुकानाच्या जाहिरातीला नाही. म्हणजे इंदूरच्या संगणकावरची न्यू जर्सीची नावंसुद्धा त्यात आली. देशवार यादीचा तो एक खरा फायदाही मे २०२७ पर्यंतचाच.

म्हणून निम्म्याहून जास्त विक्री अमेरिकेत असेल तर तोवर याद्या वेगळ्या ठेवा आणि त्या काळात होकार गोळा करा. बाकी सगळ्यांनी आत्ताच एक यादी करावी. बिलापासून वेगळा, रिकामा चौकोन ठेवा. शेजारी कोणती माहिती, कशासाठी, नाव कसं काढायचं आणि तक्रार माहिती संरक्षण मंडळाकडे कशी करायची, हे लिहा. मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे. इंदूरच्या गिऱ्हाइकासाठी मी हिंदी आणि मराठी दोन्ही तयार ठेवेन. होकार द्यायला एक टिचकी लागत असेल तर तो मागे घ्यायलाही तितकंच सोपं हवं.

होकार मागणारा ई-मेल मात्र सरसकट सगळ्या जुन्या पत्त्यांवर सोडू नका. जाहिराती नकोत असं आधीच सांगितलेल्या लोकांना ‘तुमची माहिती बरोबर आहे ना’ असे ई-मेल पाठवले म्हणून ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये फ्लायबी या विमान कंपनीला ७०,००० पौंड दंड केला होता. ज्यांनी नाही म्हटलंय त्यांची नावं आधी वेगळी काढा, मग उरलेल्यांना लिहा.