घरच्या स्टुडिओत हार्ड रॉक: ट्यूब हेड आणि लोड बॉक्स, की मॉडेलिंग काँबो?

घरी हार्ड रॉक गिटार रेकॉर्ड करायची, तर निवड बहुतेक वेळा दोन गोष्टींत होते. एक, छोटं ट्यूब हेड (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, स्वतःचा स्पीकर नसलेला अँप) आणि सोबत लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायचा, आवाज न करणारा डबा). दुसरी, यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडता येणारा मॉडेलिंग काँबो, म्हणजे वेगवेगळ्या अँपची डिजिटल नक्कल करणारा, स्पीकर आतच असलेला अँप. मी दोन्हींवर गाणी पूर्ण केली आहेत आणि आज यातलं एकच माझ्या टेबलाशेजारी आहे. कोणतं ते पुढे येईलच, पण दुसरं वाईट म्हणून गेलं असं मात्र नाही.

ट्यूब हेड, कॅब (स्पीकरची पेटी) आणि समोर मायक ही जुनी रीत आधीच बाजूला ठेवतो. आवाज तिचाच सगळ्यात सुंदर, त्यात वाद नाही. पण ‘कमी वॉटचं घेऊ, म्हणजे घरात चालेल’ हा हिशेब फसतो. कानाला आवाज निम्मा वाटायला पॉवर साधारण दहा पटींनी कमी करावी लागते. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी एका वॉटला, एक मीटरवर १०० डेसिबल आहे. म्हणजे मार्शलच्या जेसीएम८०० अँपच्या घराण्यातलं २० वॉटचं स्टुडिओ क्लासिक हेड ५ वॉटवर आणलं, तरी कागदावर १०७ डेसिबल उरतात. भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं असेल तर यात काम होत नाही. मग मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली आणायचा, आणि तो आणला की सगळी गंमत शून्य ते एकच्या फटीत अडकते. केसभर फिरवला तर काहीच नाही, आणखी केसभर फिरवला तर खिडकी थरथरते. शिवाय तिथे पॉवर ट्यूब जवळजवळ बसूनच असतात. ऐकू येते ती प्रीअँपची, म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्याची किरकिर. तिला ईएल३४ या पॉवर ट्यूबचा तो छातीवर येणारा मिड, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, नसतो.

लोड बॉक्स हेच दुखणं काढतो. स्पीकरच्या जागी तो हेडला लोड देतो, मास्टर अर्ध्यावर नेता येतो आणि खोलीत फक्त गिटारच्या तारांचा आवाज राहतो. कॅबचं काम आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅब आणि मायकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) करतो. घेताना रिअ‍ॅक्टिव्ह घ्या. तो खऱ्या स्पीकरसारखा वागतो. खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. खाली रेझोनन्सपाशी तो उसळतो आणि वरच्या टोकाला पुन्हा चढतो. हेड त्या चढउताराला प्रतिसाद देत असतं, म्हणून साध्या रेझिस्टिव्ह लोडवर तेच हेड मला जरा सपाट लागतं. पाम म्यूट केलेल्या (तळहाताने दाबून वाजवलेल्या) खालच्या ‘ई’च्या तारेवर हा फरक हाताला आधी कळतो, कानाला नंतर.

आता आवाजाचं. भरपूर गेनच्या (म्हणजे खूप फाटलेल्या), घट्ट, आधुनिक मेटल आवाजात मॉडेलिंग काँबो आणि ट्यूब हेड यांच्यात मिक्समध्ये फरक सांगणं मला कठीण जातं, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. हार्ड रॉकची गोष्ट वेगळी आहे. त्यात गेन मुळात कमी लागतो, कॉर्ड उघडे वाजतात, त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा लागतो. जेसीएम८०० च्या वळणाच्या अँपला बहुतेक वेळा एकच चॅनल असतो आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब हाच तुमचा दुसरा चॅनल. हंबकर पिकअपवर तो दहावरून सहावर आणला की रिफ करकरीत राहते आणि मधल्या ओळीला जागा मिळते. मॉडेलिंगमध्येही आवाज साफ होतो, पण माझ्या हाताला तो आधी मंद होतो आणि मग साफ होतो. अलीकडची मॉडेल यात सुधारली असतील. दुसऱ्याच्या हाताला हे जाणवणारही नाही.

एवढ्यावरच निवड करायची असती तर मी बहुधा काँबोच ठेवला असता. माझा निर्णय झाला तो नॉबमुळे.

हार्ड रॉकची रिदम गिटार आपण दोनदा वाजवतो, एक टेक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. बऱ्याचदा दुसरा टेक दुसऱ्या दिवशी होतो. मग कोरसमध्ये तोच आवाज हवा असतो, फक्त गेन थोडा कमी. ‘तोच, पण थोडा कमी’ ही घरच्या स्टुडिओतली रोजची मागणी आहे. माझ्याकडच्या काँबोत आवाज मेमरीत ठेवता यायचा, बटण दाबलं की परत यायचा. पण नॉब मात्र कालच्याच जागी, म्हणजे शेवटी कुणी जिथे फिरवले तिथे. गेन नॉब आठवर दिसतोय आणि ऐकू येतोय पाचचा आवाज. आता गेन जरासा कमी करायचा म्हणून नॉबला हात लावला, की मूल्य पाचवरून थेट सातच्या पुढे उडी मारणार, कारण नॉब प्रत्यक्षात तिथे आहे. ‘थोडा कमी’ करायला गेलं तर आवाज वाढतो. आणि कुठून सुरुवात केली होती ते आता कानानेच शोधायचं.

यावर उपाय आहेत. एडिटर उघडून खरे आकडे स्क्रीनवर बघता येतात, आवाज पुन्हा मेमरीतून बोलावता येतो, प्रत्येक गाण्याचे चार-पाच पॅच (मेमरीत साठवलेले आवाज) आधीच करून ठेवता येतात. मी हे सगळं केलं. पण गिटार गळ्यात, हात तापलेला, रिफ बसत आलेली, आणि अशा वेळी माउस धरायचा, हे मला शेवटपर्यंत मानवलं नाही. समोरच्या पॅनलवर जे दिसतं ते खरं असावं, एवढी साधी अपेक्षा आहे. माझ्या हेडवर ती पुरी होते. प्रीअँप सहावर, मास्टर पाचवर, प्रेझेन्स तीनवर. मोबाइलने पॅनलचा एक फोटो काढून ठेवला की महिन्याभरानेही त्याच खुणांवर तोच आवाज मिळतो, निदान माझ्या कानाला तोच. गेन सहाचा पाच केला की तो पाचच होतो. आणि हे लोड बॉक्समुळेच शक्य होतं, कारण मास्टर त्या फटीत न राहता मधल्या, ऐसपैस टप्प्यात असतो. ट्यूब गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं देतो, एवढी एकच शिस्त पाळावी लागते.

तुम्ही एका बैठकीत गाणं संपवत असाल किंवा दोन पॅचवर समाधानी असाल, तर माझी ही तक्रार तुमच्या कामाची नाही. मग काँबोकडे बघाच. बॉसच्या कटाना ५० सारख्या अँपमध्ये पॉवर अर्ध्या वॉटपर्यंत उतरते, हेडफोन लागतो, डिले-रिव्हर्ब आतच असतात, ट्यूब बदलण्याची कटकट नसते. रात्री पंधरा मिनिटं सराव करायचा तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. हेड लावायचं म्हणजे लोड बॉक्स, इंटरफेस, कॉम्प्युटर, सगळी मांडामांड. आयआर कॉम्प्युटरमध्ये चालवत असाल तर लेटन्सीही येते, म्हणजे वाजवणं आणि ऐकू येणं यात उशीर पडतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे एका बाजूची साधारण २.७ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन त्याहून बरीच जास्त. ६४ सँपलच्या बफरवर मला त्रास होत नाही.

आयआर निवडताना मात्र घाई करू नका. अँपच्या ट्रेबल नॉबने जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक आयआर बदलल्याने पडतो. हेड आवडलं नाही म्हणून विकणाऱ्यांपैकी काही जणांना खरं तर आयआर आवडलेला नसतो, असा माझा संशय आहे. ग्रीनबॅक स्पीकरचा एक आणि व्हिंटेज ३० चा एक, एवढे दोन धरून काही आठवडे काढा. ऐकण्याची पातळीही एकच ठेवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी लागतो, म्हणून आपण तो वाढवून ठेवतो आणि नंतर मोठ्याने ऐकलं की सगळं गढूळ वाटतं.

एक गोष्ट कुठल्याही मताच्या पलीकडची आहे. ट्यूब हेड कधीही लोडशिवाय चालू करू नका. स्पीकर किंवा लोड बॉक्स, दोन्हींपैकी एक जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही लोड बॉक्स ठरावीक ओहमचेच येतात, तेव्हा हेडच्या मागे त्या ओहमचं आउटपुट आहे ना, ते पैसे देण्याआधी तपासा.

आणि सगळं एकदम घेणं जमत नसेल तर हेड आणि लोड बॉक्स आधी, कॅब नंतर. या दोन वस्तूंवर पूर्ण गाणं रेकॉर्ड होतं. कॅबची गरज बँडच्या सरावाला जायला लागाल तेव्हा पडेल, आणि तोवर दोन-तीन आयआर ऐकून कोणता स्पीकर हवा हेही तुम्हाला कळलेलं असेल.