घड्याळाचं रुटीन की बाळाच्या कलाने? नव्या आईबाबांनी काय निवडावं

बाळ घरी आलं की पहिल्या आठवड्यातच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते दर तीन तासांनी दूध, ठरलेल्या वेळी अंघोळ, ठरलेल्या वेळी झोप, आत्ताच सवय लावा नाहीतर डोक्यावर बसेल. दुसरी म्हणते त्या एवढ्याशा जिवाला काय कळतंय घड्याळ, मागेल तेव्हा पाजा आणि झोपेल तेव्हा झोपू द्या. आणि या दोघांच्या मधे रात्री तीनला टक्क जागे असलेले आईबाबा, ज्यांना फक्त एवढंच हवंय की उद्याचा दिवस कसा जाणार याचा थोडा तरी अंदाज यावा.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. पहिले तीन-चार महिने बाळाच्या कलाने घ्या, पण गोष्टींचा क्रम ठरवून ठेवा, आणि वेळापत्रक लावायचंच असेल तर आधी मोठ्यांच्या झोपेला लावा.

आता का ते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम एखाद-दोन चमचे दूध पितं. पुढे ते वाढत जातं पण अंगावरचं दूध पटकन पचतं, म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागणं हे अगदी नॉर्मल आहे, बाळ हावरट नाही आणि तुमचं दूधही कमी नाही. झोप दिवसाला साधारण १४ ते १७ तास असते, ऐकायला भरपूर वाटते, पण ती सगळी तुकड्यातुकड्यांत. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे तीन आठवड्यांचं बाळ रात्रभर झोपत नाही ते हट्टाने नव्हे, ते यंत्रच अजून बसलेलं नाही त्याच्यात.

घड्याळवाल्या पद्धतीला मोठा इतिहास आहे. न्यूझीलंडच्या डॉ. ट्रुबी किंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर चार तासांनी दूध आणि रात्री शक्यतो नाहीच असा कडक नियम लोकप्रिय केला आणि तो कितीतरी देशांत पिढ्यान् पिढ्या चालला, त्यामुळे घरातली मोठी माणसं वेळेवर पाजा म्हणतात तेव्हा ती मनाचं काही सांगत नसतात. पुढे वारं फिरलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये दिलेल्या यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांत बाळ मागेल तेव्हा पाजायला प्रोत्साहन द्या असं आलं, आणि २०१८ च्या सुधारित मांडणीत तर बाळाच्या खुणा ओळखून प्रतिसाद द्यायला आईला मदत करा असं म्हटलंय.

पण म्हणून घड्याळ अगदीच टाकाऊ नाही हां. जुळी असतील तर एकाला पाजलं की दुसऱ्यालाही उठवून पाजणं हाच जगायचा मार्ग असतो. लवकर जन्मलेलं, वजनाने कमी किंवा काविळीमुळे सुस्त पडलेलं बाळ स्वतःहून मागतच नाही, तिथे डॉक्टर सांगतील त्या अंतराने उठवून पाजावंच लागतं, मागेल तेव्हा देऊ म्हणून बसलात तर ते मागणारच नाही. बाटलीने फॉर्म्युला घेणाऱ्या बाळाचं अंतरही बऱ्याचदा आपोआप तीन-चार तासांवर येतं, कारण ते दूध पचायला जरा वेळ लागतो, त्यामुळे तिथे घड्याळ कमी टोचतं. आणि बाळाला सांभाळणारी माणसं बदलत असतील तर शेवटचं कधी प्यायलं, पुढचं कधी, हे सांगता येणं फार सोयीचं.

घड्याळ नडतं ते अंगावर पाजणाऱ्या आईला. दूध जितकं काढलं जातं तितकं तयार होतं, मग सुरुवातीच्या आठवड्यांत तीन तास होईपर्यंत बाळाला चोखणी देऊन थोपवून ठेवलं की शरीराला निरोप जातो की एवढी गरज नाहीये, आणि मग खरंच दूध कमी पडायला लागतं. त्यात संध्याकाळ. बऱ्याच बाळांना संध्याकाळी एकामागोमाग एक प्यायचं असतं, दहा मिनिटं प्यायलं, डुलकी काढली, खाली ठेवलं की परत तोंड उघडलं, आणि असं दोन-तीन तास चालतं. घड्याळ लावून बसलेली आई त्या वेळी आत्ताच तर पाजलं होतं म्हणत रडकुंडीला येते, आणि जिला हे असंच असतं हे माहीत आहे ती आधीच जेवून घेते, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर जवळ ठेवते आणि टेकून बसते. बाळ दोघींचं तेच करतंय.

बाळाच्या कलाने घ्यायचं म्हणजे प्रत्येक रडण्यावर दूध, असं मात्र नाही. भुकेचं रडणं ही उशिराची खूण आहे, त्याआधी बाळ मान वळवून शोधतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात कोंबतं. झोपेतही गंमत असते. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप चळवळी असते, त्यात ते कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं, एखादा डोळाही उघडतं, आणि आपण अरे उठलं म्हणून झटकन उचलतो आणि तिथे खरंच उठवून ठेवतो. पोट भरलेलं आणि वजन नीट वाढणारं बाळ असेल तर हात मागे घेऊन जरा थांबा, पुष्कळदा ते परत शांत होतं. या पद्धतीचा खरा तोटा म्हणजे सगळा भार आईवर पडतो आणि दिवस आणि रात्र यांचा एकच काला होतो.

म्हणून मधला रस्ता, क्रमाचा. उठलं की दूध, मग ढेकर, डायपर, थोडं जागं राहणं, मग झोप. वेळ कितीही होऊ दे, क्रम हाच. जागं राहणं म्हणजे सुरुवातीला दूध-डायपर धरून पाऊण ते एक तास, त्याच्या पुढे ताणलं की बाळ दमतं आणि दमलेलं बाळ झोपायच्या ऐवजी किंचाळतं. दूध पिता पिताच झोपलं तर क्रम बिघडला म्हणून त्याला उठवत बसू नका. रात्री जागं राहण्याचा भाग गाळायचा, मंद दिवा, गप्पा नाहीत, डायपर भरलाच असेल तर बदलायचा. सकाळी मात्र रोज साधारण एकाच वेळी पडदे उघडून दिवस सुरू झाला असं करायचं, दिवसभर घरातले आवाज चालू राहू द्यायचे. बस, एवढ्या दोन खुंट्या पुरे आहेत.

घड्याळ खरं लागतं ते मोठ्यांना. दोघं असाल तर रात्र वाटून घ्या, प्रत्येकाला एक सलग चार-पाच तासांचा तुकडा मिळेल अशी. आई अंगावर पाजत असेल तर उठवणं, डायपर, ढेकर, परत झोपवणं हे दुसऱ्याचं, तिने फक्त पाजायचं आणि आडवं व्हायचं. मदत होईल का काही, असं विचारणारा नवरा काही कामाचा नाही, रात्री दहा ते दोन बाळ माझं म्हणणारा हवा. एकटीच असशील तर मदतीला येणाऱ्या माणसाला बाळ धरायला नको, दिवसा दोन तास झोप मिळेल असं काम दे.

ॲपमध्ये प्रत्येक फीड टाकायचं की नाही? सुरुवातीचे दोन आठवडे टाका, कारण तेव्हा खरंच बघायचं असतं: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा ओले डायपर, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरून येणं. ते जमलं आणि डॉक्टर खुश असतील तर ॲप उडवा, नाहीतर बाळाकडे बघायचं सोडून ग्राफकडे बघत बसाल.

काहीही निवडा, सहाव्या आठवड्यात त्याचा निकाल लावू नका. बहुतेक बाळांचं रडणं त्याच सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं, त्या आठवड्यात कुठलीही पद्धत फेलच वाटते. आणि झोपवणं दोन्हीकडे सारखंच: पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी-खेळणी काही नाही, तुमच्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. रात्री सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं फार धोक्याचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, ओले डायपर एकदम कमी, किंवा दुधाला उठतच नाहीये, असं काही असेल तर रुटीनचा विचार नको, सरळ डॉक्टर गाठा.

घड्याळाकडे कधी वळायचं, तर साधारण तीन-चार महिन्यांनी, तेही आपणहून काही पॅटर्न दिसायला लागला की. तेव्हा बाळाची रोजची झोपायची वेळ बघून तीच पक्की करा, तुम्हाला सोयीची वेळ त्याच्यावर लादायची आणि मग तासभर झुलवत बसायचं हा उलटा धंदा आहे. कामावर परत जायचं असेल तर आधीचे दोन-तीन आठवडे हळूहळू त्या वेळांकडे सरकवा. आणि बाळ लवकर जन्मलं असेल तर हे सगळे आठवडे आणि महिने जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा.