जुनी एंटरप्राइझ, एक हंगाम वापरून : आधी बुचं बघा

आमच्या एंटरप्राइझ या शिडाच्या होडीच्या टाक्यांसाठी मागवलेली बुचं चुकीच्या आट्यांची निघाली. विकणाऱ्यानं "पाकीट फोडलंय, आता परत घेता येणार नाही" म्हणून हात वर केले आणि कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीच्या वर गेला. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या वस्तूसाठी पंधरवडाभर फोनाफोनी झाली, होडी किनाऱ्यावर पडून राहिली. जुनी एंटरप्राइझ घेऊन दुरुस्त करायचा विचार असलेल्या कुणाचाही हंगाम असा वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

होडीची ओळख करून देत बसत नाही. जॅक होल्टचं १९५६ चं डिझाइन, सव्वातेरा फूट लांबी, निळी शिडं, दोन माणसं, हे माहीत असलेल्यांसाठी हा मजकूर आहे. आमची होडी फायबरची आहे. बाजूला दोन आणि नाळेत (पुढच्या टोकात) एक अशा, होडी तरंगत ठेवणाऱ्या तीन हवाबंद टाक्या. वापर दाभोळच्या खाडीत आणि अधूनमधून हर्णैला, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला.

आधी मत सांगून टाकतो. कोकणच्या किनाऱ्यासाठी ही होडी उत्तम. दोघांना उचलून वाळूवरच्या ढकलगाडीवर ठेवता येते, सेंटरबोर्ड (तळातल्या खोक्यातून पाण्यात सोडायची फळी) वर घेतला की गुडघाभर पाण्यात चालते, आणि दुपारचा वायव्येचा वारा बारा-तेरा नॉटचा असला तरी दोन जाणती माणसं तिला आरामात सांभाळतात. त्रास आहे तो टाक्यांत शिरणाऱ्या पाण्याचा. जुन्या फायबर होडीत निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं: होडी जड लागते, वळायला आळशी होते, उलटली की सरळ करायला जीव जातो.

लोक पहिला संशय सेंटरबोर्डच्या खोक्यावर घेतात, आणि तिथेही पाणी येतंच. ज्या बोल्टवर बोर्ड फिरतो त्याचे जुने वॉशर कडक होऊन चिरतात. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, खोक्याच्या दोन्ही बाजूंना निओप्रीनचे वॉशर आणि त्यावर रुंद स्टीलचे वॉशर लावा. विषय संपला. तिथे सिलिकॉन मात्र भरू नका. सिलिकॉनचा अंश फायबरवर राहिला की पुढे त्यावर रेझिन (फायबरचं कापड बांधणारा, वाळून टणक होणारा द्रव), रंग काहीच धरत नाही, आणि तो घासून काढणं फार जिकिरीचं आहे. सीलंट लागलंच तर पीयू (पॉलियुरेथेन) वापरा.

पण खोक्यातून आलेलं पाणी कॉकपिटमध्ये दिसतं आणि उपसता येतं. टाकीतलं दिसत नाही. शिवाय टाकी गळते कुठून हे शोधायला गेलं तर बऱ्याचदा मोठी चीर कुठेच सापडत नाही. तरीही होडी पाण्यातून आल्यावर बुच काढलं की पाण्याची धार लागते. याचं कारण तापमानात आहे.

एप्रिलमध्ये किनाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या होडीच्या बंद टाकीतली हवा ५५ अंशांपर्यंत सहज तापते. होडी तशीच २८ अंशांच्या पाण्यात उतरवली की काही मिनिटांत आतली हवा निवते आणि सुमारे आठ टक्के आकसते. दीडशे लिटरची टाकी धरली तर बारा लिटर हवेची जागा रिकामी झाली. गरम पाणी भरून झाकण लावलेली प्लॅस्टिकची बाटली निवल्यावर आत चेपते, तसंच हे. फायबर बाटलीइतकं चेपत नाही, म्हणून आत ओढ तयार होते. टाकी पूर्ण हवाबंद असेल तर ही ओढ पाऊण-एक मीटर पाण्याच्या दाबाएवढी जाते. मग बुचाच्या थकलेल्या ओ-रिंगमधून, झाकणाच्या कडेतून, डेक आणि खालचा साचा जिथे जोडलाय त्या शिवणीतल्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आत खेचलं जातं. एरवी ज्या फटीतून थेंबही आला नसता, त्याच फटीतून या ओढीनं लिटर लिटर पाणी येतं.

उलट बाजूही तितकीच वाईट. सकाळी गार असताना बुचं लावून ठेवली आणि दिवसभर होडी उन्हात राहिली, तर आतली हवा फुगते. एक चौरस मीटर डेकवर आतून शेकडो किलोंचा जोर येतो आणि शिवण तिथेच सुटू लागते. म्हणजे गळती तयार होते किनाऱ्यावर आणि पाणी शिरतं खाडीत. जुन्या मालकानं "डेकची कड मधेच उकलते, दर वर्षी भरावी लागते" असं सांगितलं, तर त्यानं बुचं लावूनच होडी उन्हात ठेवलीय असं समजा.

उपाय दोन. पहिला सवयीचा आणि फुकटचा: होडी जमिनीवर असेल तेव्हा सगळी बुचं बाहेर. पाण्यात उतरवताना कॉकपिट आणि डेकवर चार बादल्या पाणी ओता, आतली हवा निवू द्या, मग बुचं लावा. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक टाकीला दीड-दोन मिलिमीटरचं श्वासाचं भोक. लेझर या शिडाच्या होडीला ते मुळातच असतं. एंटरप्राइझला पाडायचं तर टाकीच्या आतल्या उभ्या भिंतीत, डेकच्या अगदी खाली, सगळ्यात उंच जागी पाडावं. होडी उलटून हे भोक फूटभर पाण्याखाली गेलं तरी पाच मिनिटांत जेमतेम लिटरभर पाणी शिरतं, तेवढं परवडतं. भोकाची कड इपॉक्सी रेझिननं सील करा, नाहीतर पाणी फायबरच्या थरात मुरतं. एंटरप्राइझ वर्गाच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर भोक पाडण्याआधी होड्यांची मोजणी करणाऱ्याला विचारून घ्या.

टाकी तपासायला काँप्रेसर लावू नका, डेक उचकटेल. बुचाच्या जागी रबरी नळी घट्ट बसवा, तिला टी आकाराचा जोड लावून एका फाट्यावर पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा, दुसऱ्या फाट्यातून तोंडानं फुंकून तो फाटा चिमटा. श्वासाचं भोक तेवढ्यापुरतं टेपनं बंद. यूमधल्या पाण्याच्या दोन पातळ्यांत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पुरे. मग भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशनं शिवणी, झाकणं, सॉकेट (बुच ज्यात फिरवून बसतं ती आट्यांची बैठक), फिटिंगच्या बोल्टांवर फिरवा. बुडबुडे आले तिथे पेन्सिलीनं खूण. हे काम भल्या सकाळी सावलीत करा, कारण ऊन आलं की हवा आपोआप फुगते आणि वाचन फसवतं.

आता ती बुचं. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे एकमेकांत बसत नाहीत. दिसायला सारखी असतात, दीड फेरा जातात आणि अडकतात. जोर केला तर सॉकेटचे आटे गेले. त्यामुळे बुच एकटं कधीच मागवू नका, सॉकेटसकट जोडी घ्या आणि सगळ्या टाक्यांना एकाच कंपनीची बसवा. सॉकेट बदलताना स्क्रूची जुनी भोकं इपॉक्सीनं भरून नव्यानं पाडा, खाली पीयू सीलंट द्या, स्क्रू बेताचे आवळा, आणि सीलंट दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पाव फेरा आणखी. ओ-रिंग मात्र परदेशातून मागवायची गरज नाही. पाण्याच्या पंपाची दुरुस्ती करणाऱ्याकडे नायट्राइलच्या ओ-रिंगांचा पेटारा असतो, जुनी रिंग दाखवली की त्या मापाची मिळते. मूठभर घेऊन ठेवा. पेट्रोलियम जेली नैसर्गिक रबराला खाते, पण नायट्राइलला चालते, म्हणून रिंग कशाची आहे ते विचारूनच घ्या.

घ्यायच्या आधी तपासायच्या गोष्टींत वजन पहिलं. नुसत्या सांगाड्याचं वजन नव्वद-पंच्याण्णव किलोच्या आसपास असायला हवं. मासळीच्या व्यापाऱ्याकडचा लटकता काटा आणा, होडी आडवी ठेवून नाळेकडचं टोक उचलून वजन घ्या, मग मागचं. टेकू त्याच दोन जागांवर ठेवले तर बेरीज बरोबर येते. पंधरा-वीस किलो जास्त भरलं तर टाकीत भरलेला फोम भिजलाय. भिजलेला पीयू फोम उन्हात वाळत नाही, झाकणातून खरवडून काढावा लागतो. नुसतं मोकळं पाणी असेल तर ऑक्टोबरच्या उन्हासारखी फुकट भट्टी नाही. झाकणं उघडी, होडी किंचित कलती, एवढंच करायचं.

वजनानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळा तळ ठोकत जा. टणक आवाजाच्या मधेच बद्द आवाज आला तर थर सुटलेत. सुकाणूच्या बिजागऱ्या जिथे बसतात तिथे आतून लाकडी पाट असतो. बिजागरीचा एक स्क्रू काढून भोकात बारीक ड्रिल फिरवा. भुसा कोरडा, फिका आला तर ठीक. काळपट ओला लगदा आला तर पाट कुजलाय आणि किंमत त्या हिशेबानं पाडून मागा. नवा पाट १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याच्या प्लायचा. शिक्क्यावर विसंबू नका, दुकानदार आयएस ३०३ चा साधा प्लाय सुद्धा 'मरीन' म्हणून देतात. ७१० ला ७२ तास उकळण्याची कसोटी असते, ३०३ च्या बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) प्रतीला आठ तासांची. दोन इंचांचा तुकडा कुकरमध्ये काही तास उकळवा, थर सुटले तर बाकीचा प्लाय परत न्या. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १० चं भोक पाडा, घट्ट इपॉक्सीनं भरा, त्यात ६ चं पाडा. लाकडाला पाणी लागता कामा नये, यासाठी हा खटाटोप.

रेझिनबद्दल डिसेंबरपर्यंत आमचं मत असं होतं की सगळं काम इपॉक्सीनं करावं आणि मच्छीमार बोटी दुरुस्त करणाऱ्या फायबरवाल्यांच्या वाटेला जाऊ नये. ते मत आता अर्धं बदललंय. ही मंडळी पॉलिएस्टर रेझिन वर्षानुवर्षं हाताळतात, भेगेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट लांब उतार घासून देतात, आणि पॉलिएस्टरवर जेलकोट (होडीचा सगळ्यात वरचा गुळगुळीत रंगीत थर) धरतो. इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, तिथे दोन भागांचा पीयू रंगच लावावा लागतो. म्हणून तळ आणि बाजू पॉलिएस्टरनं, लाकूड आणि बोल्टांची भोकं इपॉक्सीनं, अशी वाटणी बरी. दोन अटी मात्र त्यांना बजावून सांगा. पाण्याखाली आयसोफ्थॅलिक जातीचं पॉलिएस्टर रेझिन हवं, साधं नको. आणि गाड्यांची पुट्टी तळाला बिलकुल लावू नये, ती पाणी पिते आणि पुढच्या हंगामात फुगून सुटते.

स्वतः करणार असाल तर हार्डनर वजनावर मोजा: पॉलिएस्टरला एक ते दोन टक्के, तिशीच्या वरच्या उन्हात एक टक्का पुरतो. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग दुसरं. इपॉक्सीबरोबर चॉप्ड मॅट (काचधाग्यांचे तुकडे चिकटवून केलेली चटई) वापरू नका. मॅटचा चिकटा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं कापड घ्या. आणि पावसाळ्यात रेझिनचं काम नकोच. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो. तो आधी पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलटं केलं तर तोच थर खोल घासला जातो.

शिडांनी अनपेक्षित सुख दिलं. निळं डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड) फिकटलेलं होतं, पण अंगठ्यानं दाबून फाटत नव्हतं. उन्हानं खाल्ला होता तो दोरा. कापडाआधी दोराच जातो. नवी शिडं मागवण्याआधी बाजारपेठेत ताडपत्र्या शिवणारा गाठा. त्याच्याकडे जड मशीन असतं, झिगझॅग येत असेल तर उत्तम. दोरा ऊन सोसणारा पॉलिएस्टरचाच हवा, तो आपण नेऊन द्यायचा. जुन्या भोकांच्या शेजारून नवी शिलाई मारून घेतली की दोन-तीन हंगामांची चिंता मिटते, आणि खर्च नव्या शिडापुढे किरकोळ.

डोलकाठी अॅल्युमिनियमची आणि फिटिंगं स्टीलची, त्यात खारं पाणी. फिटिंगच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. फिटिंग काढा, साफ करा, मधे झिंक क्रोमेटचा लेप द्या आणि मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट मारा. दोर मासेमारीच्या दुकानातून घ्यायचा मोह होतो. तिथला नायलॉन नांगराला छान, पण शीड चढवायला नको, ताणला जातो आणि शीड खाली येतं. तिथे कमी ताणाचा ५ मिलिमीटरचा पॉलिएस्टर लागतो. रंगीत पॉलिप्रॉपिलीन उन्हात कुसं सोडतं आणि हात सोलतं.

दाभोळच्या मुखाशी दुपारी वारा खाडीत शिरणारा आणि ओहोटी बाहेर जाणारी असली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. टाकीत दहा लिटर पाणी असलेली एंटरप्राइझ तिथे नाळ उचलत नाही. उधाणाच्या दिवशी त्या वेळेला आतच राहावं. मतलईवर सकाळी लवकर बाहेर आणि वारा फिरल्यावर भरतीबरोबर परत, हा क्रम सोपा पडतो.

पावसाळ्यासाठी होडी पालथी, जमिनीपासून दीड हात वर, बुचं बाहेर, झाकणं उघडी. झाकणांच्या तोंडांना मच्छरदाणीची जाळी बांधा, नाहीतर उंदीर आणि पाली आत घर करतात. श्वासाच्या भोकात कुंभारमाशी माती भरते आणि ती वाळली की टाकी पुन्हा हवाबंद होते. म्हणून नारळीपौर्णिमेनंतर होडी सुलटी केली की सगळ्यात आधी एक मिलिमीटरची तार घेऊन प्रत्येक भोकातून आरपार घाला, मगच बुचांना हात लावा.